क्रॅनबेरीचं सरबत आणि शंभर वर्षांचं भांडण

मराठीत ‘उन्हाळी लागणे’ असा एक फार सोयीचा शब्दप्रयोग आहे. लघवीला जळजळ होते, सारखं जावंसं वाटतं आणि गेलं की जेमतेम चार थेंब. हे सगळं चारचौघांत न सांगता सांगायचं असेल तर "जरा उन्हाळी लागलीये" म्हटलं की काम भागतं. समोरची बाई लगेच धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, वाळा, बार्लीचं पाणी अशी यादी सुरू करते. अमेरिकेत हीच तक्रार सांगा, यादीत एकच नाव येईल: क्रॅनबेरी ज्यूस.

गेल्या वर्षी मला हे प्रकरण बारा महिन्यांत तीनदा झालं. (हो, उघडपणे लिहितेय. सर्दी-खोकल्याबद्दल लिहितोच ना आपण?) तिन्ही वेळा कल्चर केलं, तिन्ही वेळा अँटिबायोटिक घेतलं. ज्यांनी कल्चरचा रिपोर्ट पाहिलाय त्यांना माहीत असेल, औषधांच्या नावांपुढे ‘एस’ किंवा ‘आर’ लिहिलेलं असतं. एस म्हणजे जंतू या औषधाला दाद देतो, आर म्हणजे देत नाही. पहिल्या रिपोर्टात दोन आर होते. तिसऱ्यात पाच. ते पाच आर बघून पोटात गोळा आला. अजून तिशी-पस्तिशीत ही अवस्था, तर पुढे काय? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, झालेल्या इन्फेक्शनला गोळीच लागेल, त्यात तडजोड नाही. पण पुन्हा होऊच नये म्हणून काय करता येतं ते बघू. तिथून क्रॅनबेरीचा विषय निघाला.

ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "अगं रामबाण आहे." काकू म्हणाल्या, "परदेशी फळाचं पाणी कशाला, धने आहेत की घरात." मग मी आम्ही इंजिनिअर लोक करतो तेच केलं. एखादा जुना कोड हातात आला की तो चालतो का, हे नंतर; आधी तो कुणी लिहिला, कधी लिहिला आणि मधे कुणी कुणी हात मारला ते बघायचं. दोन-तीन वीकएंड त्यात गेले. निघालं ते इतकं रंजक आहे की एकटीने पोटात ठेवणं शक्य नाही.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे बाजारात करवंदालाच बिनदिक्कत क्रॅनबेरी म्हणतात. कित्येक भाषांतरांतही तसंच लिहिलेलं सापडतं. तेवढं एक खरं की दोन्ही आंबट आणि दोन्ही लाल. बाकी काही नातं नाही. करवंद, आपली डोंगरची काळी मैना, ही कण्हेरीच्या कुळातली. तोडलं की पांढरा चीक येतो तो त्या कुळाचा. क्रॅनबेरी ही ब्लूबेरीची सख्खी बहीण. उत्तर अमेरिकेतल्या थंड, दलदलीच्या, आम्लधर्मी जमिनीत सरपटत वाढणारी वेल. त्यामुळे करवंदाचं सरबत जरूर प्या (मला तर जास्त आवडतं), पण खाली जे लिहिलंय त्यातलं काहीही त्याला लागू नाही.

मॅसॅच्युसेट्सच्या आग्नेय किनाऱ्यावर राहणारे वांपानोआग लोक युरोपियन येण्याच्या कितीतरी आधीपासून हे फळ खात आले. आजही मार्थाज व्हिनयार्ड बेटावरचे वांपानोआग ऑक्टोबरातल्या दुसऱ्या मंगळवारी ‘क्रॅनबेरी डे’ पाळतात. क्रॅनबेरी हे नाव मात्र गोऱ्यांचं. फुलाचा आकार क्रौंच पक्ष्याच्या मानेसारखा दिसतो म्हणून ‘क्रेन-बेरी’. ज्यूसच्या जाहिराती आपल्याला सांगतात की मूळ रहिवासी हजारो वर्षं हे मूत्रविकारावर वापरत होते. जुन्या वर्णनांत ठळक दिसतात त्या गोष्टी वेगळ्याच आहेत: सुकवलेल्या मांसात आणि चरबीत कुटून केलेला पेमिकन, जखमेवर पोटीस, कापडाला रंग. जॉन जोसेलिन नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६७२ च्या पुस्तकात क्रॅनबेरीचं वर्णन केलंय. तो म्हणतो की स्कर्व्हीवर उत्तम, आणि लोक साखर घालून शिजवून मांसाबरोबर खातात. लघवीचा उल्लेखही नाही. तर ‘प्राचीन ज्ञान’ या लेबलाखाली जे विकलं जातं ते बरंचसं विसाव्या शतकातलं आहे.

शेतीसुद्धा तशी अलीकडचीच. १८१६ साली केप कॉडवरच्या डेनिस गावात हेन्री हॉल नावाच्या माणसाच्या लक्षात आलं की वाऱ्याने ज्या वेलींवर वाळू उडून पडते त्या मरण्याऐवजी उलट जोमाने वाढतात. तिथून लागवड सुरू झाली. आजही शेतकरी हिवाळ्यात गोठलेल्या शेतावर वाळू पसरतात. बर्फ वितळलं की वाळू आपोआप वेलींवर बसते. फळात हवेचे चार कप्पे असतात म्हणून ते पाण्यावर तरंगतं आणि कापणीला शेतात पाणी सोडून लाल तळं करता येतं. ते फोटो तुम्ही पाहिले असतील.

अडचण एकच होती. हे फळ लोक वर्षातून एकदा, नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगला, टर्कीबरोबर सॉस म्हणून खायचे. बाकी अकरा महिने कुणी विचारायचं नाही. (आपल्याकडे तिळगुळाचं जसं.) मार्कस युरान नावाच्या वकिलाने वकिली सोडून क्रॅनबेरी पिकवायला घेतली आणि १९१२ मध्ये चेपलेल्या, विकायला न जमणाऱ्या फळांचा सॉस डब्यात भरून विकायला सुरुवात केली. १९३० मध्ये तो, न्यू जर्सीच्या एलिझाबेथ ली आणि मॅसॅच्युसेट्सचे जॉन मेकपीस असे तिघे प्रतिस्पर्धी एकत्र आले आणि शेतकऱ्यांच्या मालकीची एक सहकारी संस्था उभी राहिली. हीच ती ओशन स्प्रे. आपल्या सहकारी साखर कारखान्यासारखंच म्हणा ना: शेतकरी सभासद, माल एकत्र, ब्रँड एक. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता औषधाकडे येऊ. अँटिबायोटिक येण्याआधी लघवीच्या इन्फेक्शनवर डॉक्टरांच्या हातात होतं काय? १८९० च्या दशकात जर्मनीत मेथेनामाइन नावाचं औषध वापरात आलं. ते मोठं हुशार औषध आहे. पोटात गेल्यावर गुपचूप असतं, पण मूत्राशयात पोहोचल्यावर तिथली लघवी पुरेशी आम्लधर्मी असेल तर फुटून त्यातून फॉर्माल्डिहाइड निघतं आणि जंतू मारतं. अट एकच, लघवी आंबट हवी. म्हणून त्या काळात ‘काय खाल्लं की लघवी आम्लधर्मी होते’ हा अगदी रोजच्या प्रॅक्टिसचा प्रश्न होता. १९१४ मध्ये ब्लेदरविक या संशोधकाने कुठल्या अन्नाचा लघवीवर काय परिणाम होतो ते तपासलं. बहुतेक फळं चवीला आंबट असली तरी शरीरात जळल्यावर लघवी अल्कलीकडे नेतात. प्रून, प्लम आणि क्रॅनबेरी मात्र उलटं वागतात, कारण त्यांच्यातल्या काही आम्लांपासून शरीर हिप्युरिक आम्ल बनवतं आणि ते लघवीत टाकतं. १९२३ मध्ये त्याने लाँग या सहकाऱ्याबरोबर प्रून आणि क्रॅनबेरीवर पुन्हा प्रयोग केले. झालं! ‘क्रॅनबेरीने लघवी आम्लधर्मी होते, आम्लात जंतू जगत नाहीत, म्हणून क्रॅनबेरी चांगली’ हे सूत्र तयार झालं. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा औषधं आली, मग अँटिबायोटिक्स आली, मेथेनामाइन मागे पडलं, पण हे सूत्र नर्सेसच्या आणि आज्यांच्या तोंडी टिकून राहिलं.

सूत्राला पहिला धक्का बसला १९५९ मध्ये. बोडेल, कॉट्रान आणि बॉस्टनचे एडवर्ड कास यांनी मोजून दाखवलं की हिप्युरिक आम्ल जंतूंना रोखतं हे खरं, पण ज्यूस पिऊन लघवीत तेवढं आम्ल येणं फार अवघड. त्यासाठी लिटरच्या लिटर ज्यूस रिचवावा लागेल. (एक मिलिलिटरमध्ये एक लाख जंतू असले तर इन्फेक्शन धरायचं, हा आकडा प्रचलित केला तेच हे कास. आजच्या रिपोर्टवरही तो आकडा दिसतो.) एखाद्या साध्या कल्पनेला तिथेच मूठमाती मिळायला हवी होती.

पण त्याच १९५९ मध्ये, पूर्ण वेगळ्या गल्लीत, भलतंच काहीतरी घडलं. ९ नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या १७ दिवस आधी, अमेरिकेचे आरोग्यमंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी जाहीर केलं की वॉशिंग्टन आणि ओरेगन राज्यांतल्या काही क्रॅनबेरीत अमिनोट्रायझोल हे तणनाशक सापडलंय आणि त्याने उंदरांना थायरॉइडचा कॅन्सर होतो. पत्रकारांनी विचारलं, बाईने दुकानात फळ कुठलं ते ओळखायचं कसं? त्यांचं उत्तर असं की कळत नसेल तर सुरक्षित राहण्यासाठी घेऊ नये. बाजार एका दिवसात कोसळला. व्हाइट हाउसमध्ये त्या वर्षी टर्कीबरोबर क्रॅनबेरीऐवजी सफरचंदाचा सॉस होता. निवडणुकीच्या तयारीत असलेले दोघे विस्कॉन्सिनमध्ये पोहोचले. तिथे क्रॅनबेरीचे शेतकरी म्हणजे मतं. निक्सन यांनी चार वेळा सॉस वाढून घेतला, केनेडी यांनी दोन ग्लास ज्यूस प्यायला. राजकारणी इथून तिथून सारखेच!

माल बहुतांशी निर्दोष निघाला, पण शेतकऱ्यांना कळून चुकलं की वर्षातल्या एका जेवणावर पोट भरणं धोक्याचं आहे. वर्षभर खपेल असं काहीतरी हवं. म्हणून १९६० च्या दशकात ओशन स्प्रेने एडवर्ड गेल्स्थॉर्प या मार्केटिंगवाल्याला आणलं आणि सॉस विकणारी संस्था ज्यूस विकायला लागली. क्रॅनबेरी-सफरचंदाचं मिश्रण आलं. आणि वर्षभर ज्यूस का प्यायचा याचं एक कारण तर जनमानसात आधीपासून तयार होतंच. १९६६ मध्ये ६० रुग्णांना रोज साधारण अर्धा लिटर ज्यूस तीन आठवडे दिल्याचा एक अभ्यास आला. निम्म्याहून थोड्या जास्त लोकांना गुण आला म्हणे. तुलनेला दुसरा गटच नव्हता. अशा अभ्यासाला आमच्या टीममध्ये कुणी ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणालं असतं.

जाहिरातबाजीचा एक नमुना सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्यूसमध्ये संत्र्याच्या रसापेक्षा जास्त ‘फूड एनर्जी’ आहे अशी जाहिरात ओशन स्प्रे करत होती. १९७२ मध्ये अमेरिकन सरकारच्या ट्रेड कमिशनने त्यांना खुलाशाच्या जाहिराती द्यायला लावल्या: फूड एनर्जी म्हणजे जीवनसत्त्वं नव्हेत, नुसत्या कॅलरीज. म्हणजे साखर हो, साखर!

इथपर्यंत वाचल्यावर मी काकूंना फोन करून "धनेच बरे" म्हणणार होते. पण १९८४ ने गोष्ट फिरवली.

ओहायोतल्या यंग्सटाउन विद्यापीठात अँथनी सोबोटा यांनी वेगळा प्रश्न विचारला. ज्यूस जंतूंना मारत नसेल कदाचित, पण चिकटू देतो का? यूटीआयच्या बहुतेक केसेसमागे ई. कोलाय असतो, जो आपल्याच आतड्यात सुखाने नांदत असतो. १८८५ मध्ये एशरिश या जर्मन डॉक्टरने तो प्रथम वर्णन केला. तो मूत्रमार्गात शिरला तरी लघवीच्या धारेबरोबर वाहून जायला हवा. जात नाही, कारण त्याच्या अंगावर बारीक केसांसारखे तंतू असतात आणि त्यांनी तो पेशींना धरून बसतो. कुसळासारखा. सोबोटांनी रुग्णांकडून मिळालेले ७७ नमुने तपासले. त्यातल्या ६० टक्क्यांहून जास्त नमुन्यांत ज्यूसने चिकटणं ७५ टक्के किंवा अधिक कमी केलं. ज्यूस प्यायलेल्यांच्या लघवीतही तो गुण काही तास दिसला.

म्हणजे सत्तर वर्षं लोक बरोबर फळ चुकीच्या कारणासाठी पीत होते.

मग इस्रायलमध्ये इत्झाक ऑफेक, नेथन शेरॉन वगैरे मंडळींनी सात फळांचे रस तपासले. १९९१ च्या त्यांच्या टिपणात संत्रं, ग्रेपफ्रूट, अननस, आंबा आणि पेरूसुद्धा आहेत. जंतूंचे एका जातीचे तंतू तर साध्या फळसाखरेनेही अडतात, पण मूत्रपिंडापर्यंत चढणाऱ्या जंतूंकडे जे तंतू असतात त्यांना रोखणारा दुसरा पदार्थ फक्त क्रॅनबेरी आणि ब्लूबेरीत सापडला. आपला हापूस इथे नापास. १९९८ मध्ये रटगर्स विद्यापीठाच्या एमी हॉवेल आणि सहकाऱ्यांनी तो पदार्थ प्रोअँथोसायनिडिन असल्याचं दाखवलं. तोंडाला तुरट लागतं ना, त्याच गटातलं रसायन. द्राक्षात, चहातही या गटातली रसायनं असतात, पण क्रॅनबेरीतल्यांची जोडणी वेगळी आहे.

काचेच्या नळीत चालतं ते बाईच्या शरीरात चालतं का? इथे खरी मारामारी. १९९४ मध्ये बॉस्टनमध्ये १५३ वयस्कर बायकांना रोज ३०० मिली पेय दिलं. लघवीत पू आणि जंतू आढळण्याचं प्रमाण खोट्या पेयवाल्यांत २८ टक्के, तर क्रॅनबेरीवाल्यांत १५ टक्के दिसलं. पैसे ओशन स्प्रेचे, आणि सुरुवातीलाच दोन गटांत फरक होता अशी टीका झाली. २००१ मध्ये फिनलंडमध्ये १५० बायकांत क्रॅनबेरी आणि लिंगनबेरीचा रस चांगला ठरला: पुन्हा इन्फेक्शन १६ टक्के विरुद्ध ३६ टक्के. २०११ मध्ये अमेरिकेत ३१९ कॉलेजकन्यकांत उलटच. ज्यूसवाल्यांत २० टक्के, खोट्या ज्यूसवाल्यांत १४. २०१२ मध्ये कॉक्रेन या संस्थेने २४ अभ्यास एकत्र करून निकाल दिला की विशेष उपयोग नाही. २०१६ मध्ये नर्सिंग होममधल्या १८५ बायकांना वर्षभर कॅप्सूल दिल्या, शून्य फरक. विषय संपला असं सगळे म्हणाले.

आणि २०२३ मध्ये त्याच कॉक्रेनने, आता ५० अभ्यास आणि ८,८५७ लोक हाताशी घेऊन, निकाल बदलला! वारंवार यूटीआय होणाऱ्या बायकांत धोका सुमारे २६ टक्के कमी, मुलांत ५४ टक्के. वृद्धाश्रमातल्यांना, गरोदर बायकांना आणि मूत्राशय नीट रिकामं न होणाऱ्यांना फायदा दिसला नाही. माझ्या मते यात कुणी लबाडी केली नाही. आधी प्रश्नच ढोबळ होता: ‘क्रॅनबेरी चालते का?’ कुणाला, कशासाठी, हे वेगळं केल्यावर उत्तर सापडलं. अमेरिकेच्या एफडीएने २०२० मध्ये ज्यूसवर दावा छापायची परवानगी दिली तीसुद्धा पुरावा मर्यादित आणि विसंगत आहे हे सोबत छापायच्या अटीवर. आणि हे सगळं इन्फेक्शन टाळण्याबद्दल. झालेलं इन्फेक्शन ज्यूसने बरं होत नाही. थंडी वाजून ताप, कमरेच्या वरच्या बाजूला दुखणं, लघवीत रक्त, किंवा गरोदरपण असेल तर ग्लास खाली ठेवून दवाखाना गाठा.

हिप्युरिक आम्लाचं काय झालं? गंमत ऐका. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये २४० बायकांवरच्या चाचणीत, वारंवार होणारं इन्फेक्शन टाळायला रोजच्या अँटिबायोटिकपेक्षा फारसं कमी नाही असं एक जुनं औषध ठरलं. त्याचं नाव मेथेनामाइन हिप्युरेट. आजोबांच्या काळातला कोड, पुन्हा प्रॉडक्शनमध्ये. माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला तेच सुरू करायचा पर्याय दिलाय, आणि क्रॅनबेरीला त्यांची हरकत नाही.

पण सगळ्यांत साधा अभ्यास २०१८ चा आहे. वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या १४० बायका. निम्म्यांना सांगितलं, रोज दीड लिटर पाणी जास्त प्या. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा इन्फेक्शन झालं, बाकीच्यांना ३.२ वेळा. (पैसे दिले बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीने, ज्याचं त्याचं दुकान.) काकूंच्या धन्याच्या पाण्यात धने किती काम करतात देव जाणे, पाणी नक्की करतं. आता मी पाणी कमी का प्यायचे? कारण कंपनीच्या बसचा प्रवास पावणेदोन तासांचा आणि वाटेत बाईने जावं अशी एकही जागा नाही. २०११ पासून मुंबईत ‘राइट टू पी’ची मंडळी बायकांच्या फुकट, स्वच्छ मुतारीसाठी भांडतायत त्यामागे हेच आहे. आमच्या बसच्या मार्गावर एका पेट्रोल पंपावर थांबा मिळावा म्हणून आम्ही अकरा जणींनी सह्यांचा अर्ज दिलाय. मागच्या सोमवारपासून सकाळची बस थांबते. संध्याकाळची अजून नाही.

आता सरबत. टेट्रापॅकमधलं ‘कॉकटेल’ घेऊ नका. त्यात रस साधारण पाव हिस्सा आणि एका मोठ्या ग्लासात सहा-सात चमचे साखर. सुकवलेल्या क्रॅनबेरीही साखरेत घोळवलेल्या असतात. मोठ्या दुकानांत फ्रोझन मिळतात त्या घ्या. शंभर ग्रॅम फळं, पाऊण लिटर पाणी. उकळी आली की गॅस बारीक करा. दहा-बारा मिनिटांत फळं फटाफट फुटतात, झाकण ठेवा नाहीतर ओटा लाल होईल. डावाने चेपून गाळून घ्या. दोन चमचे साखर, चिमूटभर मीठ, हवं तर आल्याचा तुकडा. गार झाल्यावर रोज एक ग्लास, तेवढंच पाणी मिसळून. चाचण्यांत मोजलेला डोस असतो, घरच्या पातेल्यात तो नसतो, हे धरून चाला. वॉर्फरिनसारखी रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किंवा मुतखड्याची तक्रार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं. उरलेला चोथा फेकू नका: गूळ, लाल तिखट, मीठ आणि भाजलेलं जिरं घालून वाटला की करवंदाच्या चटणीच्या जवळपास जातो. काकूंनी दोनदा वाढून घेतली.